राजवाडा वाचतो, पागेचं काय?

वाचकांचे प्रश्न : जुन्या वास्तू आणि कायदा

प्रश्न : ताई, मुलाकडे पॅरिसला गेलो होतो तेव्हा व्हर्सायचा राजवाडा पाहिला. राजवाड्यापेक्षा मला नवल वाटलं ते समोरच्या घोड्यांच्या पागांचं. एका पागेत चक्क आर्किटेक्चरचं कॉलेज भरतं. राजाचा भाजीमळाही अजून पिकतो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नागपूरच्या महाल भागात राहतो. भोसल्यांच्या पागा कुठे होत्या, हत्ती कुठे बांधायचे, धान्याच्या कोठ्या कुठे होत्या, हे आजोबा बोटाने दाखवायचे. आता बोट दाखवावं असं काही उरलं नाही. फ्रान्समध्ये तर राजाचं डोकं उडवलं, राज्यच बुडालं. तरी त्याच्या आवारातल्या या साध्या इमारती कोणत्या कायद्याने वाचल्या?
— एक वाचक, महाल

उत्तर : काका, तुम्ही पाहिलेल्या त्या कॉलेजात मी काही काळ शिकले आहे. दगडी कमानींखाली आमचे ड्रॉइंगचे टेबल असत आणि फाटकाबाहेर आलं की समोर चौदाव्या लुईचा राजवाडा. या दोन पागा झ्यूल आर्दुआँ-माँसार या राजाच्या वास्तुविशारदाने १६७९ ते १६८२ या काळात बांधल्या. एकीत स्वारीचे आणि शिकारीचे घोडे, दुसरीत गाडीला जुंपायचे. या दुसरीतच कॉलेज आहे.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर थोडं कडू आहे. त्यातलं बरंचसं वाचलं नाही, आणि जे वाचलं ते सुरुवातीला कायद्याने वाचलं नाही.

फ्रेंच क्रांतीत, १७९० साली राजघराण्याची सगळी मालमत्ता राष्ट्राची झाली. पुढे १७९३च्या ऑगस्टपासून वर्षभर व्हर्सायच्या सामानाचा लिलाव चालला. सतरा हजारांहून जास्त नग विकले गेले. नागपूर १८५४मध्ये खालसा झाल्यावर भोसल्यांच्या जडजवाहिराचा लिलाव कलकत्त्यात झाला, तो इतिहास आपल्याला ठाऊकच आहे. सामानानंतर पाळी येते ती इमारतींची. व्हर्सायजवळच मार्ली इथे चौदाव्या लुईने विसाव्यासाठी बांधलेला महाल होता, भोवती पाहुण्यांसाठी बारा छोटे मंडप. क्रांतीनंतर तो एका कारखानदाराला विकला गेला, तिथे सूतगिरणी चालली, ती बुडाली आणि १८०६च्या सुमारास दगड विकण्यासाठी इमारत पाडली. आज तिथे बाग आहे आणि राजवाडा कुठे होता याच्या जमिनीवरच्या खुणा आहेत. सँ-क्लूचा राजवाडा १८७०च्या युद्धात जळाला. पॅरिसमधला त्विलरी १८७१मध्ये जळाला आणि त्याच्या भिंती १८८३मध्ये पाडल्या. आपल्या महालातला भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४मध्ये जळाला, म्हणजे काळही जवळजवळ तोच.

मग पागा कशा टिकल्या? कुणाला तरी त्यांचा उपयोग होता म्हणून. पागा लष्कराने वापरल्या. राजवाड्याच्या शेजारी ‘ग्राँ कोमँ’ नावाची मोठी चौकोनी इमारत आहे. राजाच्या नोकरचाकरांच्या जेवणाची आणि राहण्याची सोय तिथे होती. तिच्यात क्रांतीच्या काळात बंदुकांचा कारखाना निघाला आणि नंतर लष्करी इस्पितळ, ते विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चाललं. राजाचा भाजीमळा ला कँतिनी या माणसाने १६७८ ते १६८३मध्ये दलदलीच्या जमिनीवर उभा केला होता. त्यात पुढे बागकामाची शाळा आली. व्हिलेर-कोत्रेचा राजवाडा तर भिकाऱ्यांना ठेवण्याची जागा आणि मग वृद्धाश्रम झाला होता. तिथे १५३९मध्ये पहिल्या फ्रान्स्वाने राज्याचे कागद फ्रेंच भाषेत लिहिण्याचा हुकूम काढला होता, म्हणून आता दुरुस्तीनंतर २०२३मध्ये तिथे फ्रेंच भाषेचं केंद्र उघडलं आहे.

कायदा आला तो सावकाश. १८३०मध्ये स्मारकांचा निरीक्षक नेमला गेला, १८३४पासून ते पद प्रॉस्पेर मेरीमे यांच्याकडे होतं, आणि १८४०मध्ये सुमारे एक हजार वास्तूंची पहिली यादी निघाली. १८८७च्या कायद्यात खासगी मालकाची संमती लागायची. ३१ डिसेंबर १९१३च्या कायद्याने ती अट काढली. वास्तू जपण्यात सार्वजनिक हित असेल तर मालकाने नकार दिला तरी सरकार ती संरक्षित करू शकतं. आजही फ्रान्समधलं सगळं काम याच पायावर उभं आहे.

त्यात दोन पायऱ्या आहेत. वरची पायरी पूर्ण संरक्षणाची : परवानगीशिवाय एक दगड हलवता येत नाही. खालची पायरी नोंदणीची : मालकाने काम सुरू करण्याच्या चार महिने आधी कळवायचं, आणि सरकारला ते काम फारच घातक वाटलं तर त्याने वास्तू वरच्या पायरीवर नेण्याची कारवाई सुरू करायची. आज दोन्ही मिळून चव्वेचाळीस हजारांच्या वर वास्तू आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य खालच्या पायरीवर आहेत.

आता तुमच्या पागेकडे येते. या कायद्यात एक मोठी फट होती. इमारतीचा तुकडा संरक्षित करता येतो. फ्रान्सच्या जुन्या नोंदी उघडल्या की ‘दर्शनी भिंती आणि छपरं’ एवढंच लिहिलेलं वारंवार दिसतं. कुठे फक्त जिना, कुठे फक्त एका खोलीचं छत. मुख्य वाड्यावर सगळ्यांचं प्रेम, म्हणून तो आधी यादीत गेला. भटारखाना, दूधघर, कुत्र्यांचा वाडा, माळ्याचं घर, परकोटाची भिंत, पाण्याचे पाट हे मागे राहिले किंवा तुकड्यांनी आले. राजाचं आवार हे एक शरीर असतं. डोकं काचेच्या पेटीत ठेवलं आणि हातपाय विकून टाकले, तर त्याला जतन म्हणता येत नाही. व्हर्सायचंच पाहा : क्रांतीपूर्वी राजाचं आवार आठ हजार हेक्टरांहून मोठं होतं, शिकारीच्या रानाला ४३ किलोमीटरची भिंत होती. आज राजवाड्याकडे उरलेलं आवार सुमारे आठशे हेक्टरांचं आहे.

ही फट बुजवायला २०१६ साल उजाडावं लागलं. ७ जुलै २०१६च्या कायद्याने ‘राष्ट्रीय आवार’ असा नवा वर्ग केला. ज्या जागेचा राष्ट्राच्या इतिहासाशी असाधारण संबंध आहे आणि जिचा निदान काही भाग सरकारच्या मालकीचा आहे, ती जागा नकाशावर सीमा आखून अख्खी या वर्गात घालता येते. २०१७च्या पहिल्या यादीत सहा जागा होत्या : शाँबोर, लुव्र आणि त्विलरी, पो, आँजे, एलिझे राजवाडा आणि स्ट्रासबुर्गचा ऱ्हाइन राजवाडा. पुढे यादी वाढली. सीमेच्या आत सरकारी मालकीचं जे असेल ते आपोआप वरच्या पायरीवर जातं, इतरांच्या मालकीचं ते खालच्या. सरकारी भाग खासगी माणसाला विकता येत नाही. त्यावर नवं बांधकाम करता येत नाही. देखभालीला, लोकांना पाहायला सोय म्हणून, किंवा जुनं रूप परत उभं करायला, अशा ठरावीक कारणांपुरतंच. आणि सीमेच्या आतला खासगी तुकडा कुणी विकायला काढला तर आधी सरकारला कळवावं लागतं आणि सरकार तो स्वतः घेऊ शकतं.

शाँबोरला याचा अर्थ कळतो. राजवाड्याभोवती ३२ किलोमीटरची भिंत आणि आत ५,४४० हेक्टर रान. राजवाडा १५१९मध्ये शिकारीसाठी बांधायला घेतला. त्या रानाशिवाय तो वाडा कशासाठी होता हे कळणारच नाही. सरकारने तो १९३०मध्ये घेतला तेव्हा रान आणि भिंत सोबत घेतली, ही मला त्या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

आणि काका, आपल्याकडे काही उरलं नाही असं म्हणू नका. महाराजबाग हा भोसल्यांचा बाग. आज तिथे कृषी महाविद्यालयाची शेती आहे, प्राणिसंग्रहालय आहे. व्हर्सायच्या भाजीमळ्यात बागकामाची शाळा, रांबुयेच्या राजाच्या शेतावर सोळाव्या लुईने १७८६मध्ये स्पेनहून आणलेल्या मेरिनो मेंढ्यांचा कळप आणि शेतकीची शाळा, आणि आपल्या सीताबर्डीजवळ राजाच्या बागेत शेतकीचं शिक्षण. ही एकाच जातीची गोष्ट आहे. तेलंखेडीचा तलाव आणि बाग आहे, सक्करदरा आहे, तुळशीबाग आहे, शुक्रवारी तलाव आहे, जुम्मा दरवाजा ज्याला आपण गांधी गेट म्हणतो तो आहे. एकेक सुटं पाहिलं तर किरकोळ वाटतं. नागपूरच्या जुन्या नकाशावर या जागा जोडून पाहिल्या की भोसल्यांची राजधानी दिसायला लागते. आपल्या नियमांत इमारतीबरोबर अख्खा ‘वारसा परिसर’ यादीत घेण्याची सोय आहे. ती वापरली पाहिजे, आणि सीमा नकाशावर आखून वापरली पाहिजे. मी हे या सदरात पुन्हा पुन्हा लिहिते आणि लिहीत राहीन.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी आणि जावई फ्रान्समधल्या फाँतेनब्लो गावात राहतात. तिथे राजवाड्याजवळ त्यांनी जुन्या इमारतीत छोटा फ्लॅट घेतला. खिडक्या लाकडी आहेत, थंडी फार आत येते. त्यांना प्लास्टिकच्या चौकटीच्या नव्या खिडक्या बसवायच्या आहेत. शेजारी म्हणतात, इथे हात लावता येत नाही. इमारत तर साधी आहे, राजाची नाही. मग अडचण काय?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : इमारत राजाची नसली तरी शेजार राजाचा आहे. २५ फेब्रुवारी १९४३च्या कायद्याने संरक्षित वास्तूभोवती ५०० मीटरचा घेर मानला. त्या घेरात, वास्तूवरून दिसणाऱ्या किंवा वास्तूसोबत एका नजरेत येणाऱ्या इमारतीच्या बाहेरच्या रूपात बदल करायचा तर परवानगी लागते. २०१६नंतर अनेक गावांत हा गोल काढून त्याजागी गावाच्या रचनेप्रमाणे आखलेली सीमा आली. तिच्या आत असाल तर दिसणं-न दिसणं हा प्रश्नच उरत नाही, सगळ्यांना परवानगी लागते. व्हर्सायसाठी तर १९६४मध्ये हा घेर पाच किलोमीटरपर्यंत वाढवला होता.

मुलीला सांगा : अर्ज गावाच्या नगरपालिकेत करायचा. तो तिथून सरकारी वारसा-वास्तुविशारदाकडे जातो. एरवी एका महिन्यात निकाल लागतो, इथे दोन महिने धरावे. त्याने नाही म्हटलं तर नगरपालिका हो म्हणू शकत नाही, त्यामुळे खिडक्यांची ऑर्डर देण्याआधी त्याच्या कार्यालयाची वेळ घेऊन भेटावं. हे सल्ल्याचं काम ते फुकट करतात. जुन्या गावाच्या रस्त्यावरच्या दर्शनी भिंतीला प्लास्टिकची चौकट बहुतेक मिळणार नाही. लाकडी चौकट, जुन्यासारख्याच पट्ट्या आणि आत दुहेरी काच असा प्रस्ताव दिला तर थंडीही थांबेल आणि परवानगीही बहुधा मिळेल. निर्णय पटला नाही तर प्रदेशाच्या प्रिफेक्टकडे, म्हणजे तिथल्या मुख्य सरकारी अधिकाऱ्याकडे, दाद मागता येते. इमारतीच्या सोसायटीची मंजुरी वेगळी घ्यावी लागते, ती विसरू नये. परवानगीशिवाय बसवल्या तर काढून पुन्हा जुन्यासारख्या करा असा आदेश येतो, आणि तो खर्च पुन्हा वेगळा होतो.

आपल्याकडे केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरांत नियंत्रण, असा नियम २०१०च्या दुरुस्तीने पक्का झाला. मला फ्रेंच पद्धत जास्त पटते. आपला नियम फूटपट्टीने मोजतो, त्यामुळे शंभराव्या मीटरच्या आतला माणूस छप्पर गळतं म्हणून रडतो आणि तीनशे एकाव्या मीटरवर कुणी कितीही मजले चढवले तरी स्मारकाचा कायदा तिथे बोलत नाही. तिकडे एक माणूस येऊन उभा राहतो, डोळ्यांनी पाहतो आणि काय बरं दिसेल ते सांगतो. त्या माणसावर तिथले लोक चिडतातही, खूप चिडतात. पण त्याच्याशी बोलता येतं.

प्रश्न : ताई, तुम्ही नेहमी वाडे वारसा यादीत घाला म्हणता. माझा वाडा महालात आहे. सागवानी खांब, कवेलूचं छप्पर, मागे विहीर. चार भावांची वाटणी व्हायची आहे. एकदा वारसा ग्रेड लागली की बिल्डर फिरकत नाही, दुरुस्तीचा पैसा सरकार देत नाही आणि पाडायलाही देत नाही. फ्रान्समधल्या मालकांचं कसं भागतं? की तिथेही मालक फक्त भोगतो?
— एक वाडामालक, महाल

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे आणि मी त्याला उत्तर म्हणून उपदेश देणार नाही.

फ्रान्समध्ये मालकाने काय केलं याची एक गोष्ट सांगते. आर्क-ए-सेनाँ इथे राजाचा मिठाचा कारखाना होता, क्लोद-निकोला लदू या वास्तुविशारदाने १७७५ ते १७७९मध्ये बांधलेला, अर्धवर्तुळात मांडलेल्या इमारती आणि मध्ये संचालकाचं घर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कारखाना बंद पडला. वास्तू संरक्षित करण्याची चर्चा सुरू झाली तेव्हा १९२६मध्ये मालकांनी संचालकाच्या घराचा भाग सुरुंगाने उडवला. पुढच्याच वर्षी दूब जिल्ह्याच्या प्रशासनाने ती जागा विकत घेतली आणि दुरुस्ती केली. १९८२पासून ती जागतिक वारसा आहे. म्हणजे नुसती यादीची चाहूल लागली की सुरुंग लागतो, हे तिथेही घडलं आहे. आपल्याकडे सुरुंग लागत नाही. छपराचे चार कवेलू काढून ठेवले की पुढचं काम पाऊस करतो.

त्यासाठी फ्रान्सने दोन गोष्टी केल्या. पहिली धाकाची. वास्तू धोक्यात आहे असं दिसलं की मंत्री तातडीची नोटीस काढू शकतो. ती मालकाला मिळताच पूर्ण संरक्षणाचे सगळे नियम बारा महिन्यांसाठी लागू होतात आणि त्या वर्षात अभ्यास करून कायमचा निर्णय होतो. संरक्षित वास्तू मुद्दाम उद्ध्वस्त केली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख युरोपर्यंत दंड आहे.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि माझ्या मते तीच खरी. तिथल्या संरक्षित वास्तूंपैकी जवळजवळ अर्ध्या खासगी मालकीच्या आहेत. संमतीविना संरक्षण लादलं आणि त्याने प्रत्यक्ष नुकसान झालं तर मालक भरपाई मागू शकतो. दुरुस्तीला अनुदान मिळतं. आणि मालकाने दुरुस्तीवर केलेला खर्च त्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो. वाडा लोकांना पाहायला उघडा ठेवला तर मोठी वजावट मिळते. उघडा ठेवणं म्हणजे काय हेही ठरलेलं आहे : जुलै ते सप्टेंबरमध्ये ४० दिवस, किंवा एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ५० दिवस आणि त्यातले २५ सुटीचे. त्या बदल्यात वास्तू पंधरा वर्षं आपल्याकडे ठेवण्याचं वचन द्यावं लागतं. २०१८पासून वारशासाठी खास लॉटरीही निघते, तिचा पैसा पडक्या वास्तूंना जातो. याउपर तिथलेही अनेक मालक कर्जात बुडालेले आहेत, मोठं छप्पर बदलायचं म्हणजे शेत विकावं लागतं. तरी सरकार म्हणतं, तू जपतोस ते आमच्यासाठी जपतोस, म्हणून आम्ही काही भार उचलतो.

आपल्याकडे यादीतल्या इमारतीच्या मालकाला न वापरता येणारं चटईक्षेत्र टीडीआरच्या (दुसरीकडे वापरायला विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) रूपात मिळण्याची तरतूद आहे. ते विकून दुरुस्तीचा पैसा उभा करावा अशी कल्पना. पण चार भावांच्या नावांचा सातबारा किंवा आखीव पत्रिका (शहरातल्या जागेचा मालकीचा उतारा) स्वच्छ नसेल तर टीडीआरची फाइल पुढे सरकत नाही, आणि महालातल्या वाड्यांच्या पत्रिका किती स्वच्छ असतात हे आपण दोघंही जाणतो. म्हणून वाटणीच्या भांडणाआधी वारस नोंदी करून घ्या. हे काम आजच सुरू करा.

ग्रेडचंही नीट समजून घ्या. पहिल्या ग्रेडमध्ये जवळजवळ काहीच बदलता येत नाही. दुसऱ्यात आतले बदल, मूळ बाजाला धरून, करता येतात. तिसऱ्यात बरीच मोकळीक असते. तुमच्यासारख्या राहत्या वाड्याला आत संडास-मोरी, वीज, नवा जिना करता यावा अशीच ग्रेड मागावी आणि त्यासाठी हरकतीच्या मुदतीत लेखी म्हणणं द्यावं. मुदत उलटून गेल्यावर केलेली तक्रार कुणी वाचत नाही.

आणि माझं स्पष्ट मत सांगते. महापालिकेने वारसा यादीतल्या वाड्यांचा मालमत्ता कर माफ करावा आणि दरवर्षी छपरांच्या डागडुजीला थेट पैसा द्यावा. कवेलू फेरणं, चुन्याचा गिलावा, वाळवीचा बंदोबस्त, एवढं वेळेवर झालं तर वाडा आणखी शंभर वर्षं उभा राहतो. पैसा न देता यादी करणं म्हणजे जपण्याचं सगळं ओझं एका कुटुंबाच्या डोक्यावर ठेवणं आहे, आणि हे मी वारसा समितीच्या बैठकीतही बोलले आहे.

प्रश्न : शाँबोरच्या राजवाड्याचा फोटो कुणी जाहिरातीत वापरला तर त्याला पैसे द्यावे लागतात असं ऐकलं. इमारतीच्या फोटोवर कुणाचा हक्क असतो का?
— आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : हो, राष्ट्रीय आवारांपुरतं ते खरं आहे. एका बिअर कंपनीने २०१०मध्ये जाहिरातीत शाँबोर दाखवला. राजवाड्याच्या व्यवस्थापनाने पैसे मागितले, कंपनीने नाही म्हटलं, खटला वर्षानुवर्षं चालला. तो चालू असताना २०१६च्या कायद्याने कलमच घातलं : राष्ट्रीय आवारातल्या वास्तूची प्रतिमा धंद्यासाठी वापरायची तर आधी परवानगी घ्यायची, आणि त्यासाठी शुल्क आकारता येतं. घटना परिषदेने २ फेब्रुवारी २०१८ला हे कलम वैध ठरवलं. पण तो जुना खटला व्यवस्थापन हरलं, कारण २०१०मध्ये असा कायदा नव्हता. बातमी, शिक्षण, संशोधन, कला यांना परवानगी लागत नाही. तू अभ्यासासाठी हवे तितके फोटो काढ आणि रेखाटनं त्याहून जास्त कर. रेखाटताना भिंतीची जाडी कळते, फोटोत ती कळत नाही.

प्रश्न : ताई, सक्करदऱ्याकडे आमच्या वस्तीत जुन्या घडीव दगडांची लांब भिंत आणि एक पायऱ्यांची विहीर आहे. जुनी माणसं म्हणतात भोसल्यांच्या बागेची. यादीत नाही. आता शेजारच्या प्लॉटवर काम सुरू होणार असं कळलं. आमच्यासारख्यांचं कोण ऐकणार?
— वस्तीतल्या काही महिला

उत्तर : ऐकायला लावायचं. फ्रान्समध्येही वास्तू संरक्षित करा अशी मागणी मालकानेच करावी असं नाही. गावची नगरपालिका, एखादी संस्था, कुणीही कारण दाखवून करू शकतं, आणि राजांच्या आवारातले कितीतरी लहान दरवाजे आणि हौद गावकऱ्यांच्या अर्जांमुळेच कागदावर आले.

तुम्ही हे क्रमाने करा. आधी नगर भूमापन कार्यालयातून त्या जागेची आखीव पत्रिका आणि मोजणीचा नकाशा काढा. जागा नझूलची (सरकारी) आहे, खासगी आहे की महापालिकेची, हे त्यावरून कळेल आणि अर्ज कुणाकडे जायचा तेही ठरेल. जुन्या नकाशात भिंत आणि विहीर दाखवली असेल तर तुमचं निम्मं काम झालं. मग फोटो : भिंतीची दोन्ही टोकं, दगडांचे सांधे, चुन्याचा दर्जा, विहिरीच्या पायऱ्या, एखादा कोरीव दगड किंवा कोनाडा. प्रत्येक फोटोमागे तारीख लिहा. वस्तीतल्या सर्वांत वयस्कर दोन-तीन जणींचं म्हणणं लिहून घ्या आणि त्यावर त्यांची सही किंवा अंगठा घ्या. विहिरीला पाणी असेल, कुणी वापरत असेल तर ते आवर्जून लिहा. वापरात असलेली वास्तू पाडणं कागदावरही अवघड जातं.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक महापालिका आयुक्तांच्या नावे, वारसा संवर्धन समितीकडे पाठवण्याच्या विनंतीसह. दुसरी राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूरच्या कार्यालयाला. महापालिकेकडे मागणी करताना महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालच्या वारसा नियमांचा उल्लेख करा आणि पुरातत्त्वाकडे राज्याच्या १९६०च्या स्मारक कायद्याचा. ‘भिंत आणि विहीर’ असं सुटं मागू नका. भिंत, विहीर, त्यामधली मोकळी जागा आणि जुनी झाडं असा मिळून परिसर मागा, आणि नकाशाच्या झेरॉक्सवर लाल पेनाने सीमा आखून जोडा. शेजारच्या बांधकामाला परवानगी मिळाली आहे का हे नगररचना विभागात माहितीच्या अधिकारात विचारा. दोन्ही अर्जांवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

तातडीची नोटीस काढून वर्षभर काम थांबवावं, अशी सोय आपल्या नियमांत फ्रान्सइतकी सोपी नाही. म्हणून अर्जातच काम थांबवण्याची वेगळी विनंती करा आणि आवक क्रमांकासह त्याची प्रत नगरसेवकाला व पोलीस ठाण्याला द्या. कागदपत्रं तयार झाली की मासिकाच्या पत्त्यावर मला त्यांच्या प्रती पाठवा. मोजणीच्या दिवशी मी टेप आणि वही घेऊन येईन. तुमच्यापैकी चौघी-पाच जणी लागतील, भिंत लांब आहे.